इसार नाही, तर बोली नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला बुडाला. वडिलांचे पोस्टाच्या तिकिटांचे अल्बम खालच्या कपाटात होते. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर पानं एकमेकांना चिकटून नुसता लगदा झाला होता. माळ्यावरची एक पत्र्याची पेटी तेवढी वाचली. तिच्यात सांगली, मिरज, जमखंडी या जुन्या संस्थानांचे मुद्रांक कागद, कोर्ट फीची तिकिटं आणि तांब्याच्या काही शिवराया, म्हणजे शिवछत्रपतींच्या नावाची जुनी नाणी, निघाल्या. वडील आता नाहीत. मला त्यातलं फारसं कळत नाही, मुलांना गोडी नाही. पुढचा पूर कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा ज्याला या कागदांची किंमत कळते त्याच्या हाती ते जावेत, म्हणून गेल्या वर्षी मी ते विकायला काढले.

संग्राहकांच्या एका मोबाइल ग्रुपवर रात्री आठ ते दहा लिलाव चालतो. दहानंतरही बोली येत राहिली तर शेवटच्या बोलीपासून पाच मिनिटं मोजायची, तेवढ्यात कोणी वर गेलं नाही तर माल त्याचा. माझा बारा कागदांचा लॉट १,५०० रुपयांपासून सुरू झाला. सुरुवातीला सहा जण होते. ७,२०० ला तिसरा गडी थांबला आणि दोघेच उरले. दहा वाजून बावीस मिनिटांनी लॉट १८,५०० ला सुटला. ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे उमटले. मी त्याच रात्री कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधून ठेवले. दुसऱ्या दिवशी लॉट जिंकलेल्या गृहस्थांचा निरोप आला, ‘संध्याकाळपर्यंत पाठवतो.’ तिसऱ्या दिवशी, ‘बँकेचा सर्व्हर बंद आहे.’ पाचव्या दिवशी त्यांचा नंबरच बंद.

इथवरची गोष्ट ऑनलाइन काही विकलेल्या कुणालाही नवी नाही. मला लागलं ते पुढचं. दुसऱ्या क्रमांकाची बोली साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांची होती. मी त्यांना फोन केला. म्हटलं, “सर, पहिल्यांनी माघार घेतली. तुम्ही १८,००० म्हणाला होतात, त्या भावाला कागद तुमचे.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वाईट मानू नका, पण तो माणूस तुमचाच होता, असं तर नाही ना?”

फोन ठेवल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो, आणि सरांचं काही चुकत नाही हे मला मान्य करावं लागलं. तिसरा माणूस ७,२०० ला थांबला. सरांसमोर त्यानंतर खरा स्पर्धक कुणी नव्हताच. ७,५०० पासून १८,००० पर्यंतची त्यांची प्रत्येक बोली एका नसलेल्या माणसाविरुद्ध होती. मग मी त्यांच्याकडे १८,००० कुठल्या तोंडाने मागायचे? दोन दिवसांनी मी ते कागद ७,५०० ला देऊ केले. त्यांनी ‘विचार करतो’ म्हटलं. पुन्हा फोन आला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. एकदा मनात किंतु आला की भाव कितीही खाली आणला तरी तो जात नाही.

खोट्या बोलीमुळे विक्रेत्याचे चार दिवस वाया जातात, असं आपण समजतो. नुकसान त्याहून खोल असतं. पैसे तर मिळत नाहीतच, वर विक्रेत्याची पत जाते, आणि ती घालवणारा माणूस तोवर दुसऱ्या नावाने दुसऱ्या ग्रुपवर असतो. शिवाय भावाची आठवण बिघडते. संस्थानी मुद्रांक कागदाला छापील दर नसतो. ‘मागे असा लॉट कितीला गेला’ हीच त्याची किंमत. महिन्याभराने त्याच ग्रुपवर दुसऱ्या कुणी तसेच कागद लावले आणि खाली लिहिलं, ‘यापूर्वी १८,५०० ला विक्री झालेली आहे.’ विक्री झालीच नव्हती. पण तो आकडा आता फिरतो आहे, आणि कुणीतरी नवखा त्यावर विसंबून पैसे मोजणार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बोलीमागे बोली लावणाऱ्याचा एक रुपयाही अडकलेला नाही, ती धरूच नये. आधी इसार, म्हणजे शब्द पक्का केल्याची आगाऊ रक्कम, मग बोली. आणि हा नियम लावायचं काम एकट्या विक्रेत्याच्या गळ्यात न घालता लिलाव चालवणाऱ्यांनी करावं, मग तो पाचशे जणांचा ग्रुप असो की मोठी कंपनी.

आमच्या भागाला हे शिकवावं लागू नये. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा व्यवहार वर्षानुवर्षं होत आला आहे. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. पण भाव ठरला की इसार उघडपणे हातावर पडतो आणि त्या क्षणापासून बैल दुसऱ्या कुणाला दाखवायचा नसतो. जमिनीला विसारपावती, मंगल कार्यालयाला आगाऊ रक्कम, अगदी वाजंत्रीवाल्यालाही सुपारी. ‘इसार घेतलाय’ म्हटलं की पुढचं बोलणं संपतं. रक्कम किती हा प्रश्न नसतो. शब्द फिरवला तर काहीतरी गमवावं लागेल, एवढीच त्या पैशाची कामगिरी.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात ते पाहावेत. माल मांडलेला असतो, खरेदीदार दुकानोदुकानी घोळक्याने फिरतात, हळकुंड मोडून पाहतात, बोली चढत जाते. बाहेरच्या माणसाला तो नुसता गलका वाटेल. पण त्या गलक्यात रस्त्यावरून आलेला कुणीही शिरून बोली देऊ शकत नाही. खरेदीदाराकडे बाजार समितीचा परवाना लागतो, त्याची पेढी कुठे आहे, तो कुणाचं किती देणं लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय शेतकरी आणि तो यांच्यामध्ये अडत्या उभा असतो, शेतकऱ्याच्या हाती विक्रीच्या हिशोबाची पट्टी तोच देतो. या व्यवस्थेतही दोष आहेत, अडतीबद्दल आणि उशिरा मिळणाऱ्या पैशांबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत. तरी बोली लावून अदृश्य होणारा माणूस तिथे टिकत नाही.

आणि हे कुंपण जिथे नाही, तिथे काय होतं तेही आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. तासगाव, मिरज, पलूसकडे द्राक्षांचा व्यवहार थेट बागेत होतो. कुठला तरी व्यापारी येतो, इतरांपेक्षा किलोमागे चार-पाच रुपये चढे सांगतो, माल तोडून नेतो, धनादेश देतो, आणि हंगाम संपेपर्यंत त्याचा फोन लागत नाही. या तालुक्यांतल्या बागायतदारांनी त्यातून एक धडा घेतला आहे: सगळ्यांपेक्षा चढा भाव सांगणाऱ्याकडेच आधी नीट पाहायचं. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला आकड्याची भीती कसली? माझ्या लिलावातला १८,५०० हा आकडा पाहून मला जो आनंद झाला, त्या जागी खरं तर शंका यायला हवी होती.

खोटी बोली लावणारे सगळे बदमाश नसतात. बरेचसे हौशी असतात. रात्री चुरस चढते, समोरचा पाचशेने वर जातो म्हणून हाही जातो, आणि सकाळी खात्यावरची शिल्लक पाहून घाबरतो. मग ‘नको’ म्हणायला संकोच वाटतो म्हणून फोन उचलत नाही. अशा माणसाला शिक्षेची गरज नाही, त्याला आधी थोडा लगाम हवा. पाचशे रुपये अडकलेले असतील तर तो बाराव्या बोलीच्या आधी एकदा थांबून विचार करील. काही जण निव्वळ खोड काढायला येतात. काही जणांकडे तसाच माल असतो आणि दुसऱ्याचा लिलाव नासवण्यात त्यांचा फायदा असतो.

चौथी जात मात्र खरोखर धोक्याची. हा माणूस लिलाव जिंकतो तो विक्रेत्याशी बोलण्याचं निमित्त मिळावं म्हणून. मग १८,५०० ऐवजी २८,५०० पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट येतो, ‘चुकून दहा हजार जास्त गेले, तेवढे परत करा.’ किंवा क्यूआर कोड येतो, ‘हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. जुनी नाणी-नोटा विकणारे बहुतेक वयस्क असतात, मालाची नेमकी किंमत त्यांना ठाऊक नसते आणि ‘लाखात जाईल’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून ही टोळकी याच लोकांना शोधतात. जुन्या नाण्या-नोटांच्या विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागितलं जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला होता. असे व्यवहार आपण करत नाही, असं बँकेने स्पष्ट केलं होतं. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाते.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. सरांना शंका आली ती आकाशातून पडली नाही. ‘भाव चढवायला दोन ओळखीचे बसवले होते’ हे वाक्य मी या ग्रुपवरच्या विक्रेत्यांच्या तोंडून स्वतः ऐकलं आहे, आणि त्यात काही गैर आहे असं बोलणाऱ्याला वाटतही नव्हतं. मालविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दलच आहे. विक्रेत्याला स्वतः बोली लावायची असेल तर तो हक्क त्याने आधी उघडपणे राखून ठेवला पाहिजे. तसं न करता त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली तर खरेदीदार तो सौदा फसवणुकीचा मानू शकतो, आणि भाव फुगवण्यासाठी खोटी बोली वापरली असेल तर तो रद्दही करू शकतो. जो विक्रेता भाच्याच्या फोनवरून बोली लावतो, त्याला खोट्या बोलीदारांविरुद्ध ओरडण्याचा अधिकार उरत नाही. दोघांचं कृत्य एकच आहे. ठरावीक किमतीखाली माल द्यायचा नसेल तर राखीव किंमत ठेवायची मुभा त्याच कलमात आहे. ‘पाच हजारांखाली देणार नाही’ असं लिहावं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

खोट्या बोलीदारांवर उपाय म्हणून सगळ्यात आधी काळी यादी सुचवली जाते. त्या माणसाचा फोटो, नंबर, गाव सगळ्या ग्रुपवर टाका. माझा याला विरोध आहे. एक तर हे दुसऱ्याची खासगी माहिती चव्हाट्यावर मांडणं आहे आणि एकाच नावाची दोन माणसं असली की निरपराध माणूस भरडला जातो. दुसरं, ती यादी नेमक्या चुकीच्या माणसाला पकडते. खरा भामटा नवं सिमकार्ड घेऊन परत येतो. यादीत अडकतो तो गडबडलेला हौशी, कारण त्याने आपलं खरं नाव सांगितलेलं असतं. मोठ्या कंपन्यांच्या शेऱ्यांवरही विसंबता येत नाही. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या कंपनीने २००८ पासून विक्रेत्यांना खरेदीदाराबद्दल प्रतिकूल शेरा देण्याची सोयच बंद केली. विक्रेते सूड म्हणून शेरे देतात, हे त्यामागचं कारण होतं. कारण समजण्यासारखं आहे, पण पैसे न देणाऱ्याला ओळखण्याची एक खूण त्यामुळे पुसली गेली.

दुसरा उपाय कोर्ट. कायद्यात तरतूद नाही असं नाही. खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तर रीतसर सूचना देऊन माल पुन्हा विकता येतो आणि झालेला तोटा पहिल्या खरेदीदाराकडून मागता येतो. पण ज्याचं खरं नाव ठाऊक नाही त्याच्यावर साडेअठरा हजारांसाठी दावा कुठे लावायचा? तो अठरा वर्षांखालचा निघाला तर करारच टिकत नाही.

सरकार स्वतः लिलाव करतं तेव्हा काय करतं, ते पाहण्यासारखं आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्टाच्या लिलावात जमीन किंवा घर घेणाऱ्याने २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची आणि उरलेली पंधरा दिवसांत. चुकला तर भरलेली रक्कम जप्त होऊ शकते, फेरलिलावात कमी भाव आला तर ती तूटही त्याच्याकडून वसूल होऊ शकते. कर्ज थकल्यावर बँका मालमत्ता विकतात तिथेही २५ टक्के आणि पंधरा दिवस हीच चौकट आहे, आणि बोलीत उतरण्याआधी अनामत द्यावी लागते ती वेगळीच. म्हणजे कोर्टाने आणि बँकांनी बिनपैशाच्या बोलीवर कधीच विश्वास ठेवलेला नाही. फक्त घरातली जुनी वस्तू विकायला निघालेल्या साध्या माणसाने तो ठेवावा, अशी अपेक्षा आहे.

‘ऑनलाइन इसार घ्यायचा कसा, तो सांभाळणार कोण’ हा प्रश्न मला ग्रुपवर विचारला गेला आणि तो रास्त आहे. चालकानेच पैसे घेऊन पोबारा केला तर? त्याचं उत्तर आपल्याच खिशात आहे. सांगलीत आज कितीतरी माणसं शेअर बाजारातल्या नव्या भागविक्रीला अर्ज करतात. तिथे पैसे कुणाच्या हाती द्यावे लागत नाहीत. तेवढी रक्कम आपल्याच खात्यात गोठवली जाते, शेअर मिळाले तर कापली जाते, नाही मिळाले तर मोकळी होते. ही पद्धत २०१६ पासून सक्तीची आहे, आणि २०१९ पासून यूपीआयवरूनही असा अर्ज करता येतो. जे शेअरसाठी चालतं ते लिलावाच्या बोलीसाठी न चालण्यासारखं काही नाही. मोठ्या कंपन्यांनी ही सोय अद्याप सगळ्या बोलींना लावली नाही, कारण बोली जितक्या जास्त तितकी गर्दी जास्त दिसते आणि गर्दी त्यांना हवी असते, असं माझं मत झालं आहे. छोट्या ग्रुपला तंत्र परवडणार नाही हे खरं. तिथे जुना मार्ग आहे. ग्रुपमधल्या दोन जाणत्या सदस्यांनी नव्या माणसाची हमी घ्यायची, अडत्यासारखी. हमी नसेल त्याने दोन हजारांपुढे बोली लावायची नाही, किंवा पाचशे रुपये इसार ठेवायचा, जो हरलेल्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत जाईल.

याने शाळकरी मुलं आणि तुटपुंजी ऐपत असलेले छांदिष्ट लिलावाबाहेर जातील, हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. माझे वडील गिरणीत कारकून होते. दर महिन्याला पंधरा-वीस रुपये बाजूला काढून त्यांनी तो संग्रह केला. आधी पैसे ठेवा म्हटलं असतं तर ते कदाचित लिलावात उतरलेच नसते. म्हणून दोन हजारांखालच्या लॉटला इसार नको, असं मी म्हणतो. दोनशे-तीनशेच्या नाण्यांचे सौदे होते तसे मोकळे राहू द्यावेत. तिथे फसगत झाली तरी सोसता येते.

समोरचा कोण आहे हे विचारण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते पैशाचं नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांनी. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्या पेटीतल्या शिवरायांवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ आहे. त्या परदेशात बसलेल्या निनावी माणसाने बोलीत जिंकल्या तर मी काय करायचं? बोलीदाराची ओळख पटवून घेणं हा विक्रेत्याचा संशयखोरपणा नाही, त्याच्यावरची ती जबाबदारीच आहे.

ग्रुपवर एकाने मला पॅरिसचा दाखला दिला. फेब्रुवारी २००९ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात कांस्याची दोन डोकी, उंदराचं आणि सशाचं, ३ कोटी १४ लाख युरोंना गेली. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा जुना उन्हाळी राजवाडा लुटला, तिथली ती. बोली लावणारा चिनी संग्राहक पुढे जाहीरपणे म्हणाला, मी पैसे देणार नाही. लुटीचा माल विकला जाऊ नये म्हणून त्याने बोली लावली होती. ‘हे तर चांगलंच काम झालं ना?’ असा त्या सदस्याचा प्रश्न. साताऱ्यात असा प्रश्न मनाला भिडतो. जुलै २०२४ मध्ये लंडनहून आणलेली वाघनखं तिथल्या संग्रहालयात मांडली, तेव्हा आपल्या वस्तू परक्यांच्या कपाटात का, हे घरोघरी बोललं गेलं.

तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. ती डोकी खोट्या बोलीने चीनला मिळाली नाहीत. ती मूळ विक्रेत्याकडेच राहिली आणि २०१३ मध्ये नंतरच्या मालकाने ती परत दिली म्हणून गेली. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावली, सुमारे ४७ लाख रुपये मोजले आणि तलवार मुंबईत आणली. आपली वस्तू परत आणण्याची ही वाट खर्चाची आहे, पण ती वस्तू घरी पोहोचवते.

आमच्या ग्रुपवर इसाराच्या नियमावर पुढच्या महिन्यात मतं घेतली जाणार आहेत. साताऱ्याच्या सरांनी परवा तिथेच लिहिलं की नियम झाला तर ते पुन्हा बोली लावतील. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. नियम होईपर्यंत ते बारा कागद पुठ्ठ्यात बांधलेले आहेत तसेच माळ्यावर राहतील.